धवल्यातलं गाळलेलं नाव

हिरामण पाटलाच्या पोराचं लग्न ठरलं, तेव्हा बातमी अख्ख्या खारेपाटात पसरायला एक सकाळ पुरली. का नाही पसरणार? दारात डंपर उभे, बापाच्या मिठागरावर आयुष्य काढलेल्या माणसाचा आता दुमजली बंगला, आणि पोरगा ओंकार बंदराच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर. व्याही मिळाले तेही उरणचे चांगदेव म्हात्रे, तोलामोलाचे. सगळं जिथल्या तिथं. एकच गोष्ट हिरामणला जागच्या जागी वाटत नव्हती, ती म्हणजे त्याची स्वतःची पोटची पोर, प्राप्ती. ती घरातच होती, आणि व्याह्यांना त्यानं सांगितलं होतं की धाकटी तळे गावी मामाकडे शिकायला असते.

आता हिरामणला कसाई म्हणाल, तर तसं नाही हो. पोरीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारा माणूस तो. तिला सुरमई आवडते म्हणून रेवदंड्याहून स्वतः घेऊन यायचा, काटे काढून ताटात वाढायचा. पण हे सगळं घरात, दार लोटून. दाराबाहेर कुणी खाकरलं की त्याचा जीव वरखाली व्हायचा.

प्राप्ती विशीतली. तिला ऑटिझम आहे हे अलिबागच्या डॉक्टरांनी ती लहान असतानाच सांगितलं होतं. गावाला तो शब्द जड गेला. गावानं आपला जुना शब्द लावला, ‘येडी’, आणि मोकळं झालं. ती कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही. बोललीच तर ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं बोलायची. आजी गेली तेव्हा सगळं घर ऊर बडवत होतं आणि ही पायरीवर बसून डंपरचे नटबोल्ट आकाराप्रमाणे लावत होती. चेहरा पाटीसारखा कोरा. त्या दिवशी हिरामणनं मनाशी पक्कं केलं, हिला माया-दुःख काही कळत नाही. तेव्हापासून त्याचं एक पालुपदच झालं, “तिना काय कलतंय?” गोठ्यात म्हशीसमोर बोलावं तसा तो तिच्यासमोर वाट्टेल ते बोलायचा. ‘हिचं काय करायचं’ इथपासून ‘ही जन्मालाच आली नसती तर’ इथपर्यंत सगळं. पोरगी शेजारी बसून नटबोल्ट लावत असायची.

बायको पूनमनं एकदा तोंड उघडून बघितलं. “अवो, नवऱ्याची सख्खी बहीन हाय ती. करवली कोन व्हईल मंग?”

“प्रांजली हाय ना भावाची. नटवा तिना,” हिरामण म्हणाला. “आनि हलदीला डीजे लागनार. प्राप्तीना आवाज सोसत नाय, ठाऊक हाय ना तुना? आलीतल्या साखरपुड्याला कानावर हात धरून टेबलाखाली बसलेली, किंचालत. मी काय माझ्यासाठी सांगतो? तिच्याच बऱ्यासाठी सांगतो.”

बघा, माणूस स्वतःला कसं पटवतो! डीजेचा आवाज खराच, पोरीचा त्रासही खरा. पण हिरामणच्या पोटात वेगळंच होतं. चांगदेव म्हात्र्यांनी ‘पोरीच्या सासरी असं आहे’ म्हणत भुवया उंचावलेल्या त्याला बघवल्या नसत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच त्याचं गणित. पूनमनं पदर डोळ्यांना लावला आणि प्राप्तीच्या कपड्यांची पिशवी भरली. ओंकारनं मोबाइलमध्ये मान घातली ती वर काढलीच नाही. समोरच्या आळीत हिरामणची चुलती गोदूबाई एकटी राहायची, लग्न उरकेपर्यंत प्राप्तीला तिथं ठेवायचं ठरलं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण चोराच्या मनात चांदणं. हिरामणला आठवलं, धवलारीण आहे!

आगऱ्यांच्या लग्नात भटाच्या आधी मान धवलारणीचा. म्हातारी मांडवात बसून धवले गाते आणि गाण्यातून एकेकाला नावानं मांडवात बोलावते. आधी देव, मग गावदेवी, मग घरातले गेलेले पितर, आणि मग जिवंत माणसं, आजोबांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. धवल्यात नाव आलं म्हणजे तो माणूस मांडवात आला. येसूबाई धवलारणीनं पाटलांच्या घरातली किती लग्नं लावली होती कुणास ठाऊक. सगळी नावं तिला तोंडपाठ. आणि गाणार कशावर? तर माइकवर. व्याह्यांची माणसं हळदीला येऊन बसलेली असणार. नवऱ्याची बहीण म्हणून तिनं प्राप्तीला हाक मारली आणि कुणी विचारलं, ‘ही कुठाय?’ तर?

तो सकाळीच येसूबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. “आये, प्राप्तीचा नाव नको घेव.”

येसूबाई तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. “आजारी हाय पोर?”

“नाय. तसाच.”

“अरं, मेलेल्यांना बोलावतंव आपून. जित्या पोरीना वगलायची? मांडव उना ऱ्हातो रं, हिरामन.”

“आये, तिना काय कलतंय?”

येसूबाईनं वाद घातला नाही. “मांडव तुजा, पोर तुजी,” म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. हिरामणला खरं तर तिथंच शरम वाटायला हवी होती. वाटलीही थोडी, पण मंडपवाल्याचा फोन आला आणि ती तिथंच राहून गेली.

हळदीचा दिवस झोकात पार पडला. ऊन कलल्यावर येसूबाई मांडवात बसली. देव आले, गावदेवी आली, हिरामणचे आईबाप आले, ओंकारच्या जन्माआधी गेलेला एक काका आला. मग जिवंतांची नावं सुरू झाली. ओंकारच्या नावामागून बहिणीची जागा आली तेव्हा हिरामणनं कान टवकारले. येसूबाईनं प्रांजलीचं नाव घेतलं आणि पुढं गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. हिरामण निर्धास्त होऊन व्याह्यांच्या माणसांना सरबत विचारायला गेला. त्या दिवशी त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी वरात निघायच्या गडबडीत गोदूबाईनं त्याला गाठलं. “पोरीनं काल हात चावून घेतला रं. रगत काडला. कोपऱ्यात डोकं आपटत व्हती, मना आवरंना.”

“डीजेनं झाला आसंल, काकी.”

“डीजे कुटं लागला व्हता तवा? धवला चालला व्हता. शेवटपरत गप बसून आयकलान, माइकचा सगला आयकू येतो हितं. धवला सरला, मी दिवा लावला, आनि मंग...”

“काकी, गाडी खोलंबलीय,” हिरामण म्हणाला आणि फेटा सावरत निघाला. पूनमला त्यानं यातलं अक्षर सांगितलं नाही.

लग्न लागलं, रुचिका सून म्हणून घरात आली. पोरगी गुणी दिसत होती. हसून बोलणारी, मोठ्यांसमोर पदर सावरणारी. आता आपल्याकडे रीत अशी की नव्या सुनेला आळीतल्या घरोघरी पाया पडायला न्यायचं. हिरामण अंगणात मंडपवाल्याशी हिशेबावरून हुज्जत घालत होता आणि बायकांचा घोळका सुनेला घेऊन कधी समोर शिरला ते त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा रुचिका गोदूबाईच्या पायरीवर होती. हा गडी मंडपवाल्याला तसाच सोडून, एक चप्पल पायात आणि एक अंगणात, असा धावत सुटला.

पोचला तेव्हा उशीर झाला होता. रुचिका म्हातारीच्या पाया पडून उठली होती आणि भिंतीशी बसलेल्या पोरीकडे बघत होती. हिरामणचं नाक, हिरामणची हनुवटी, ओंकारच्याच भुवया. हाताला फडकं बांधलेलं.

“तू कोण गं?” रुचिकानं विचारलं.

प्राप्ती तिच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाली, “प्राप्ती तळ्याला मामाकडे असते. शिकायला.”

घोळक्यातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी पदराआड खोकलं. आणि हिरामण, चार माणसांत छाती काढून चालणारा हिरामणशेठ, सुनेसमोर एका चपलेवर उभा राहिला. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्याला खरोखर वाटलं.

रुचिका शहाणी. ती प्राप्तीच्या शेजारी बसली, तिच्या पुढ्यातला नट उचलला आणि रांगेत लावला. चुकीच्या जागी लावला. प्राप्तीनं तो उचलून बरोबर जागी ठेवला. मग संध्याकाळी, चहा देताना, रुचिकानं सासऱ्याला विचारलं, “बाबा, मी माहेरी सांगणार नाही काही. पण ते वाक्य तिला कुणी शिकवलं?”

“कुनी शिकवनार? कुनी नाय.”

“मग तिनं कुठून घेतलं?”

हिरामणकडे उत्तर होतं. चांगदेवांशी फोनवर बोलताना तो तेच वाक्य म्हणायचा, ओटीवर बसून, आणि पोरगी पायाशी असायची. “पोपटासारका बोलते ती,” तो म्हणाला. “अर्थ नाय कलत तिना.” रुचिका ‘बरं’ म्हणून कप घेऊन गेली. प्राप्ती त्या दिवसापासून पुन्हा घरात होती, सुनेच्या शेजारी जेवायला बसत होती. तरी हिरामणच्या डोक्यातून तो शब्द जाईना. पोपटासारखं. म्हणजे अर्थ नसतो, म्हणजे तिला काही लागलं नाही, म्हणजे आपण काही केलं नाही. ही साखळी तो रोज मनात ओढून बघायचा, आणि गोदूबाईचं बोलणं आठवलं की ती रोज मधेच तुटायची.

अशात मुंबईहून फोन आला. अलिबागच्या खास मुलांच्या शाळेतल्या बाईंनी फार पूर्वी प्राप्तीचं नाव एका संशोधनासाठी दिलं होतं. ऑटिझम असलेल्यांचा मेंदू दुसऱ्यांच्या भावना कशा ओळखतो आणि आपल्या कशा आवरतो, याचा मेंदूची चित्रं काढणाऱ्या मोठ्या मशीनवरून अभ्यास. यापूर्वी दोनदा हिरामणनं टाळाटाळ केली होती. या वेळी तो लगेच म्हणाला, “मी नेतो तिना.” पूनमला वाटलं, चला, बापाला पाझर फुटला. पाझर कसला! त्याला मशीनकडून दाखला हवा होता. एवढे शिकलेले लोक, एवढं मोठं यंत्र; त्यांनी एकदा सांगून टाकावं की या पोरीच्या डोक्यात भावनांचं काही पोचतच नाही, की हिरामण सुटला. स्वतःच्या लेकीला काही कळू नये असा नवस करत बाप निघाला होता.

मांडव्याहून रो-रो बोटीनं निघाले. प्राप्ती खाली गाड्यांच्या डेकवर, इंजिनाची थरथर लागते तिथं लोखंडाला गाल लावून उभी राहिली आणि गुणगुणायला लागली. मुंबईची एक जोडी वळून बघू लागली, तसा हिरामण सवयीनं बाजूला सरकला आणि कठड्याशी जाऊन, जसा काही एकटाच आलाय, समुद्र बघू लागला. मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय केलं ते. परत जाऊन तो पोरीशेजारी उभा राहिला, पण तेवढ्यानं काय होतंय?

संशोधन करणाऱ्या मृणाली मॅडम तरुण होत्या, चष्म्याच्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी प्राप्तीला आधी रिकामं मशीन दाखवलं, त्याचा आवाज मोबाइलवर ऐकवला, कानात घालायचे बोळे तिच्याच हातात दिले. प्राप्ती बोगद्यासारख्या त्या यंत्रात न ओरडता झोपली. हिरामण बाहेरच्या खोलीत पडद्यावरची करडी-पांढरी चित्रं बघत बसला. यातलं कुठलं चित्र आपल्याला सोडवणार, ते तो शोधत होता.

“मॅडम, एक विचारू? तिना कलतं का काय? दुसऱ्याच्या मनातला? एका शब्दात सांगा.”

मॅडम हसल्या नाहीत. “काका, मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. समोरच्याचा चेहरा, आवाज, त्यातली भीती, राग, हे तो चटकन टिपतो. पुढं कपाळामागं दुसरे भाग असतात. ते म्हणतात, थांब, घाबरू नकोस, विचार करू. या सगळ्यांत ये-जा करणारं जाळं असतं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांत ही ये-जा वेगळी चालते. एखाद्याचा टिपणारा भाग जास्तच पेटतो, आणि शांत करणारा निरोप उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही.”

डंपरवाल्याला एवढं पुरे होतं. “म्हंजी इंजिन जोरात आनि ब्रेक उशिरा?”

“साधारण तसं. आणि चेहऱ्यावर काही दिसलं नाही म्हणजे आत काही नाही, असं समजू नका.”

धवला सरला, दिवा लागला, आणि मग पोरीनं हात चावला. धवल्यात आपलं नाव यायची वाट बघून, हे आता हिरामणच्या ध्यानात आलं. तरी शेवटची काडी धरावी तसं तो म्हणाला, “पन आमच्या प्राप्तीचा तसा नसंल. तिचा यंत्रात काय आला?”

“एकेका माणसाचा निकाल हे यंत्र देत नाही, काका. खूप जणांचे स्कॅन एकत्र बघून आम्ही फक्त अंदाज बांधतो. प्राप्तीला काय वाटतं ते यंत्राला विचारून नाही कळायचं. तुम्ही तिला कधी विचारलंत?”

विशी आली पोरीची, ‘भूक लागली का’ याशिवाय हिरामणनं तिला काही विचारलं नव्हतं. साध्या प्रश्नानं भर खोलीत उघडं पडल्यासारखं झालं त्याला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जेवणानंतर चेहऱ्यांची चाचणी होती. कॉम्प्युटरवर अनोळखी माणसांचे फोटो येणार आणि त्या माणसाला काय वाटतंय ते प्राप्तीनं सांगायचं. हिरामणला मागं खुर्ची दिली होती. पहिला फोटो हसणाऱ्या बाईचा. प्राप्ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “दात.” मॅडमनी पुन्हा विचारल्यावर, “आनंद.” रागावलेल्या म्हाताऱ्याला ती ‘झोप’ म्हणाली. घाबरलेल्या पोराजवळ तर थांबलीच, बोटं एकमेकांवर घासत राहिली, उत्तर नाही. हिरामणच्या मनात पुन्हा ती नीच आशा डोकं वर काढायला लागली. बघा, नाही ओळखता येत तिला. मी म्हणतच होतो.

मग एका पुरुषाचा फोटो आला. चाळिशी-पन्नाशीचा कुणी परका, कानावर केस पिकलेले. मान खाली, नजर बाजूला, ओठ आत ओढलेले, अर्धा चेहरा फिरवून घेतलेला.

प्राप्तीला या वेळी वेळ लागला नाही. “बाबा,” ती म्हणाली.

“हे बाबा नाहीत, प्राप्ती. दुसरेच काका आहेत,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना काय वाटतंय?”

“बाबा,” ती ठामपणे म्हणाली, आणि समोरच्याला समजत नाही म्हटल्यावर समजावून सांगावं तसं तिनं पुढं जोडलं, “पाहुणे आले की बाबा.”

हे वाक्य तिनं कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. तिचं स्वतःचं होतं ते.

मॅडमनी पुढचा फोटो लावला नाही. प्राप्ती खुर्चीत वळली आणि खात्री करून घ्यायला बापाकडे बघायला लागली. डोळ्यांत नाही, थोडं खाली, तोंडाकडे. हिरामणची मान आपोआप फिरू लागली, अगदी त्या फोटोतल्या माणसासारखी. त्यानं ती अर्ध्यात थांबवली. इतकी वर्षं ही पोर हे तोंड बघत आली होती. पाहुण्यांसमोर, बाजारात, आज सकाळी बोटीवरसुद्धा. दुनियेतले सगळे चेहरे तिला अवघड जात होते, आणि हा एक बापानं घरी रोज शिकवून पाठ करून घेतला होता. त्यानं मान परत तिच्याकडे वळवली. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, मिशीत उतरलं, ते त्यानं पुसलं नाही. बघायचं तर बघू दे.

प्राप्ती पडद्यावरचे चेहरे बघत होती तसाच तिनं तो चेहराही पुष्कळ वेळ बघितला. मग मॅडमना विचारलं, “हे कुठलं?”

मॅडम काही बोलायच्या आत हिरामण म्हणाला, “लाज. पन तुजी नाय गो पोरी. माजी.”

तिनं ते ऐकून घेतलं, पडद्याकडे वळली आणि पुढचं चित्र लावायला सांगितलं.